कोंबडीचा काहीही दोष नाही

2006 सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. भारतातला तो पहिलाच. कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या जात होत्या, टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसत होती आणि चिकनच्या दुकानांवर माश्याही फिरकत नव्हत्या. नेमक्या त्याच सुमारास मराठवाड्यातल्या गावागावांत आणि तिकडे मालेगावात एका तापाची साथ आली. अंगात ताप, आणि सांधे असे धरलेले की उठता बसता येईना. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव छापलं: चिकनगुनिया. मग काय विचारता! नावातच चिकन. कोंबडी खाल्ल्याने हा ताप येतो, हे गावच्या पारापासून शहरातल्या सुशिक्षित घरांपर्यंत सगळ्यांना एका रात्रीत कळलं. कुणी मटणही सोडलं, कुणी अंडी. या तापाला जबाबदार असलेला डास मात्र न्हाणीघरातल्या टिपाडात सुखाने वाढत राहिला, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

नावाचा तेवढा उलगडा आधी करून टाकू. शब्द 'चिकन' नाही, 'चिकुन' आहे, आणि तो मकोंडे भाषेतला आहे. आजच्या टांझानियाच्या आग्नेय टोकाला, मोझांबिकच्या सीमेलगत मकोंडे लोकांचं पठार आहे. 1952–53 साली तिथे एक साथ आली. ती डेंग्यूसारखी वाटत होती, पण सांधेदुखी त्याहून भयंकर. स्थानिक लोक या आजाराला जे म्हणत त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा'. रॉबिन्सन आणि लम्सडेन या संशोधकांनी 1955 साली साथीचं वर्णन प्रसिद्ध करताना तोच शब्द ठेवला, आणि तो जगभर गेला. ज्याने कुणी हा आजार काढला आहे त्याला भाषांतर लागत नाही. कंबरेत वाकलेला, भिंतीला धरून चालणारा माणूस हीच त्या शब्दाची व्याख्या.

त्या पठाराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर पाणी नाही. बायका खालच्या दरीत उतरायच्या, डोक्यावरून पाणी वर आणायच्या आणि एवढ्या कष्टाने आणलेलं पाणी घरात भांड्यांतून जपून ठेवायच्या. डासांचे आजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दलदल, डबकी, तुंबलेली गटारं येतात. हा ताप त्या जातीचा नाही. पाणी जिथे मुबलक वाहतं तिथे त्याचं फारसं चालत नाही. जिथे पाणी साठवावं लागतं तिथे तो घरात शिरतो.

हे मनात ठेवून बार्शीला येऊ.

भारतात हा विषाणू 1963 साली कोलकात्यात ओळखला गेला. पुढच्या दोन वर्षांत तो मद्रास, पाँडिचेरी, विशाखापट्टणम, काकीनाडा असा पूर्व किनाऱ्याने फिरला आणि 1965 साली नागपुरात पोहोचला. मग 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, तिचा अभ्यास केला. पाहणीत तिघांमागे एकाहून जास्त माणसांना हा ताप येऊन गेल्याचं दिसलं. एका बाजारपेठेच्या गावात तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक एकाच हंगामात आडवे होणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आडतीवर हमाल नाही, चुलीपाशी बाई नाही, शेतावर गडी नाही.

1973 हे साल महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना वेगळ्या कारणासाठी आठवतं. 1972 च्या दुष्काळाची ती अखेर. बार्शी हा पर्जन्यछायेतला भाग. पाण्याचा थेंब वाया घालवणं हे तेव्हा पाप होतं. रांजण, हौद, टिपाडं, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि तळाशी राहिलेलं पाणीही ओतून द्यायचं नाही. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला मकोंडे पठारावरची ती भांडी दिसू लागतात. दुष्काळानेच साथ आणली असं म्हणायचं नाही, पण डासाला हवी तशी घरं त्या काळात माणसानेच भरून ठेवली असणार, यात मला शंका वाटत नाही.

बार्शीनंतर हा ताप भारतातून जणू नाहीसा झाला. बत्तीस वर्षं मोठी साथ नाही. डॉक्टरांच्या दोन पिढ्या त्याचं नाव पुस्तकात वाचून पुढे गेल्या. आणि 2005 च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात तो असा उसळला की 2006 या एका वर्षात देशात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. नोंद न झालेले किती, ते आपल्या गावातल्या घरांवरून आपणच मोजावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नाव नोंदवणारे थोडे, खाटेवर पडून राहणारे जास्त.

पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची जनुकीय घडण तपासली तेव्हा लक्षात आलं की हा जुना बार्शीचा पाहुणा नव्हेच. 1963 ते 1973 दरम्यान फिरलेला विषाणू आशियाई घराण्यातला होता. हा आफ्रिकी घराण्यातला. आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागली, ती एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत लागतं. सोलापूरकडे जाणारी गाडी तिथे चहाला थांबते, आणि पालखी मुक्कामाला. त्या यवतमध्ये 2000 साली पकडलेल्या डासांमधून विषाणू वेगळा करून ठेवलेला होता. तोही आफ्रिकी घराण्यातलाच निघाला. म्हणजे साथ पेटण्याच्या पाच वर्षं आधी नवा पाहुणा आपल्या घरात येऊन बसला होता, कुणाला काही कळायच्या आत.

जगात इतरत्र त्याच काळात काय झालं तेही थोडं सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन या फ्रेंच बेटावर 2005–06 साली सुमारे 2 लाख 66 हजार लोक आजारी पडले. बेटाची वस्तीच पावणेआठ लाखांच्या आसपास. तिथे विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनात एक बारीकसा बदल झाला होता. त्या एका बदलाने तो 'एडिस अल्बोपिक्टस' या दुसऱ्या जातीच्या डासातही जोमाने वाढू लागला. हा डास बागांत, रबराच्या मळ्यांत, झाडांच्या ढोलीत राहणारा. पुढे केरळातही हाच बदल दिसला. 2007 साली केरळहून इटलीला गेलेल्या एका प्रवाशाच्या रक्तातून विषाणू उत्तर इटलीतल्या एका खेड्यात पोहोचला, तिथल्या अल्बोपिक्टस डासांनी तो उचलला आणि दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली. युरोपात हा ताप तिथल्या तिथे पसरल्याची ती पहिली वेळ. हा ताप 'आपल्याकडचा', गरीब मुलखातला, या समजुतीला त्या खेड्याने चांगला तडा दिला.

आता डासाकडे वळू.

आपल्याकडे मुख्य गुन्हेगार 'एडिस इजिप्ती'. काळसर अंग, पायांवर पांढरे पट्टे, म्हणून काही जण याला वाघ्या डास म्हणतात. चावते फक्त मादी, कारण अंडी पिकवायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. चावण्याची वेळ दिवसाची: सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. रात्री मच्छरदाणी लावून निर्धास्त झोपणाऱ्याला हीच मादी सकाळी चहा पिताना, टेबलाखाली, घोट्याला चावते. गुडघ्याच्या खाली चावण्याची तिला विशेष आवड. तिचं पोट एका माणसावर भरत नाही. हात हलला की ती उडते आणि शेजारच्या माणसाला चावते, मग तिसऱ्याला. म्हणून एका घरातली चार माणसं पाठोपाठ पडतात आणि लोक म्हणतात, हा ताप एकमेकांचा लागतो. तो तसा लागत नाही. एकच डास सगळ्यांच्या पंगतीला बसलेला असतो.

एडिस लांब उडत नाही. शेदोनशे मीटरच्या टापूत तिचा जन्म जातो. मराठीत याला घरकोंबडा म्हणतात. या तापाचा कोंबडीशी काही संबंध जोडायचाच असेल तर तो एवढाच. पण या घरकोंबडेपणाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तुम्हाला चावलेला डास गावाबाहेरच्या नाल्यावरून आलेला नसतो. तो तुमच्या घरात, गच्चीवर, किंवा फार तर शेजाऱ्याच्या अंगणात जन्मलेला असतो. नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडताना आपण ही गोष्ट सोयीने विसरतो. (नगरपालिकेच्या नावाने मोडायला इतर पुष्कळ बोटं शिल्लक राहतात, त्याची काळजी नको.)

तिची अंडी घालण्याची तऱ्हा फार हुशारीची आहे. ती अंडी पाण्यावर सोडत नाही. भांड्याच्या आतल्या ओल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. एका वेळेला शंभरएक. पाणी वाढून तिथवर पोहोचलं की अंडी फुटतात, अळ्या होतात, मग स्वल्पविरामासारखे कोष, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत. सुकलेली, काळ्या मिरपुडीसारखी ती कित्येक महिने भिंतीला धरून राहतात आणि पुन्हा पाणी भेटताच जिवंत होतात. 'आम्ही पाणी ओतून टाकलं होतं' असं म्हणणाऱ्यांच्या घरात डास का होतात, त्याचं उत्तर इथे आहे.

आणि जागा तरी किती! फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्यात वितळलेलं पाणी साचतं, हे घरातल्या निम्म्या माणसांना माहीत नसतं. आमच्याकडे तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेने तो ओढून दाखवला तेव्हा मी आधी तिच्याशी वाद घातला होता की असा काही ट्रे आमच्या फ्रिजला नाही. त्यात वळवळणाऱ्या अळ्या पाहून गप्प बसलो. कुंड्यांखालच्या बशा, बाटलीत लावलेलं मनीप्लँट, झाकण नीट न बसणारी गच्चीवरची टाकी, कूलर, टायर, नारळाच्या करवंट्या, छपरावरच्या फाटक्या ताडपत्रीचा खळगा, बांधकामावरच्या लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी. पाणी स्वच्छ असलं तर तिला जास्तच बरं. जिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथे टिपाडांशिवाय गत्यंतर नाही. या घरांना 'पाणी साठवू नका' असं सांगणं म्हणजे निव्वळ थट्टा. त्यांना सांगायचं ते झाकणाचं आणि घासण्याचं. घट्ट झाकण नसेल तर जुनं सुती धोतर किंवा पातळ दुहेरी करून तोंडाला आवळून बांधा. एडिसला त्यातून आत शिरता येत नाही.

मादीने आजारी माणसाचं रक्त प्यायलं की विषाणू तिच्या पोटात शिरतो, वाढतो आणि काही दिवसांनी तिच्या लाळेत येतो. त्यानंतर ती जगेल तोवर, म्हणजे दोन-तीन आठवडे, ज्याला चावेल त्याला विषाणू देत राहते. माणसात चावल्यापासून साधारण चार ते आठ दिवसांत ताप चढतो. तो हळूहळू चढत नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी हुडहुडत परत येतो. 102, 103 ताप, डोकं दुखतं, अंगावर पुरळ येतं, आणि मनगटं, बोटं, घोटे, गुडघे दोन्ही बाजूंचे सारखेच धरतात. सुजतातही. सकाळी मूठ मिटत नाही. नळ फिरवता येत नाही, भाकरी थापता येत नाही, शौचाला उकिडवं बसता येत नाही. काहींचं नाक काही दिवसांनी काळपट पडतं. हा डाग आपसूक फिका होतो, त्यावर महागडी मलमं लावायची गरज नाही.

ताप चार-सहा दिवसांत उतरतो. सांधे मात्र उतरायचं नाव घेत नाहीत. विषाणू सांध्यांच्या अस्तरातल्या आणि स्नायूंच्या पेशींत शिरतो, शरीराची संरक्षक सेना त्याच्यामागे तिथे घुसते आणि त्या लढाईत सांध्याचीच धूळधाण होते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं. पण बऱ्याच जणांना ते महिनोन् महिने, काहींना वर्षभराहून जास्त पिडतं. पन्नाशीच्या पुढची माणसं, आधीच संधिवात असलेले, मधुमेही यांच्या वाट्याला हे जास्त येतं. मृत्यू क्वचित, झालाच तर अगदी म्हाताऱ्यांत, इतर व्याधी असलेल्यांत, किंवा बाळंतपणाच्या सुमारास आईला ताप असल्यामुळे जन्मतःच लागण झालेल्या बाळांत. 'यात माणूस मरत नाही' हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईची बोटं तीन महिने वळली नाहीत, तर मरणाच्या आकड्यांत तिची नोंद कुठेच होत नाही, पण घर बसतंच.

ताप आला की तो कधी सुरू झाला ती तारीख, शक्य तर वेळ, लिहून ठेवा. पहिल्या पाच-सात दिवसांत रक्तात विषाणूच असतो, तेव्हा पीसीआर तपासणी उपयोगी. प्रतिद्रव्यं त्यानंतर दिसू लागतात, तेव्हा आयजीएम तपासणी करायची. दुसऱ्याच दिवशी केलेली आयजीएम 'निगेटिव्ह' आली म्हणून चिकुनगुनिया नाही असा अर्थ होत नाही. पैसे तेवढे जातात. आयजीएमचे संच पुण्याची विषाणूविज्ञान संस्था स्वतः तयार करून देशभरातल्या ठरावीक सरकारी प्रयोगशाळांना पुरवते, तिथे ही तपासणी मोफत होते. हे पुष्कळांना माहीत नसतं.

औषध? विषाणूवर थेट चालणारं कुठलंही नाही. विश्रांती, भरपूर पाणी-पेज-ताक, आणि तापासाठी पॅरासिटामॉल. सगळ्यात मोठी चूक इथे होते. सांधे फार दुखतात म्हणून माणूस दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी घेतो, नाहीतर एक सुई मारून मोकळा होतो. पण हाच डास डेंग्यूही पसरवतो, दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत या गोळ्यांना हात लावू नये. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस गळून गेलाय किंवा भलताच अस्वस्थ आहे, तर घरी बसू नका; ही डेंग्यू बिघडत असल्याची खूण आहे. स्टेरॉइडची सुई पहिल्याच आठवड्यात देऊन 'एका दिवसात उभा करतो' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. लशीचं विचाराल तर अमेरिकेत 2023 साली पहिली लस मंजूर झाली खरी, पण गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथेच तिचा परवाना स्थगित झाला. तेव्हा लशीच्या आशेवर टिपाडाचं झाकण उघडं ठेवण्यात अर्थ नाही.

एक समाधान आहे. एकदा होऊन गेलेला चिकुनगुनिया सहसा पुन्हा होत नाही. डेंग्यूसारखे त्याचे चार भाऊ नाहीत, की एक होऊन गेला तरी दुसरा गाठेल. म्हणूनच एखाद्या गावात साथ येऊन गेली की ती बरीच वर्षं फिरकत नाही, आणि मग नवी, कधीही न भेटलेली पिढी तयार झाली की परत येते. बार्शीनंतरची बत्तीस वर्षं आठवा.

आणि डास तोच असल्याने पाहुणे आणखी येऊ शकतात. 2021 च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. त्या बाईंना झिकासोबत चिकुनगुनियाही झालेला होता. 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे रुग्ण शंभराच्या घरात गेले आणि चिकुनगुनियाही बोकाळला. गरोदर बायांना झिकाची धास्ती वेगळीच, कारण त्याने पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. विषाणू तीन, डास एकच.

त्या डासाचं काय करायचं? साथ आली की गल्लीतून धुराची गाडी फिरते, मुलं तिच्यामागे धावतात, नगरसेवक फोटो काढून घेतो. त्या धुराने उडणारे डास काही प्रमाणात मरतात. पण एडिस तेव्हा तुमच्या कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या शर्टांच्या घडीत बसलेली असते, आणि तिची अंडी टिपाडात. धूर हा साथ पेटल्यावरचा तात्पुरता इलाज आहे. तो झाला म्हणजे काम झालं हा समज मला धुराहून घातक वाटतो. पिण्याचं नसलेलं पाणी जिथे ओतता येत नसेल, तिथे हौदात गप्पी मासे सोडा. आरोग्य खात्याकडून मिळतात, अळ्या मटामटा खातात. आरोग्य कर्मचारी अळ्या मारणारं अबेटचं औषध टाकायला आला तर त्याला दारातून परत पाठवू नका. खिडक्यांना जाळी, मुलांना शाळेत जाताना पूर्ण बाह्या आणि पायमोजे, सकाळ-संध्याकाळ अंगाला डास पळवणारं मलम. आणि घरात कुणाला ताप आला असेल तर पहिला आठवडा त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. आजोबा चिडतील, भर दुपारी जाळीत काय कोंडून ठेवलंय म्हणतील. चिडू द्या. त्यांच्या रक्तातला विषाणू डासाच्या पोटात गेला नाही, तर शेजारची चार घरं वाचतात.

आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं. सगळी भांडी त्या दिवशी रिकामी करायची. आठवडाच का, तर अंड्यापासून डास व्हायला त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. फक्त त्यात एक शब्द वाढवा: घासायची. काथ्याने किंवा ब्रशने, भांड्याची आतली भिंत, पाण्याच्या रेषेच्या वरचा चार बोटं पट्टा. आणि मेअखेरीस कूलर बंद कराल तेव्हा तो तसाच गॅलरीत ढकलू नका. टाकी घासून पुसून कोरडी करा, आतलं वाळलेलं गवत काढून टाका आणि उपडा घालून ठेवा. उन्हाळ्यात चिकटवलेली अंडी त्यात असतात, आणि जूनचा पहिला पाऊस गॅलरीत आडवा येतोच.